गोव्यात कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर (आणि ब्रीडरकडून घ्यायचा असेल तरी)

शेल्टरमध्ये कुत्रा आणायला गेलं की आधी फॉर्म हातात देतात, मग घर बघायला माणूस येतो, आणि इथेच बऱ्याच जणांचं डोकं फिरतं, रस्त्यावरचाच कुत्रा ना, आम्ही नेतोय हेच खूप, असं तोंडावर बोलणारे पण असतात. माझं सांगणं एकच आहे, जिथे तुम्हाला कोणी काही विचारत नाही तिथून कुत्रा घेऊच नका, शेल्टर असो की ब्रीडर.

फॉर्ममधला पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी घराचा असतो, स्वतःचं की भाड्याचं. गोव्यात याला फार महत्त्व आहे कारण सीझनमध्ये येऊन भाड्याने राहणारे लोक हौसेने पिल्लू आणतात आणि मे महिन्यात सामान गुंडाळताना त्याला तिथेच टाकून जातात, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा बंद गेटसमोर बसून राहतो. पाळलेलं जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे पण पहिल्या वेळेचा दंड जेमतेम 10 ते 50 रुपये, त्यामुळे कायद्याला कोण भीत नाही आणि शेल्टरवाल्यांनाच आधी खात्री करून घ्यावी लागते. भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून लेखी घेऊन जा, काम लवकर होतं. सोसायटीत फ्लॅट असेल आणि कमिटी नाही म्हणत असेल तर घाबरू नका, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइननुसार सोसायटीला बहुमताने ठराव करून पण पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही.

दुसरा प्रश्न, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कुठे असता? हसू नका, अगदी रास्त प्रश्न आहे. पणजी-मडगावात राहणारी अर्धी कुटुंबं चवथीला पेडणे, डिचोली, सत्तरीला मूळ घरी जातात ती पाच-सात दिवस तिकडेच, आणि तेव्हा कुत्र्याला घालणार कोण हे आधी ठरलेलं पाहिजे. शेजाऱ्याचं नाव सांगणार असाल तर त्याला आधी विचारा तरी. रात्रंदिवस साखळीला बांधून ठेवणार, राखणीला हवाय असं सांगितलंत तर मात्र बरीच शेल्टर सरळ नाही म्हणतात आणि मला ते शंभर टक्के बरोबर वाटतं.

होम व्हिजिटला येणारा माणूस तुमचा सोफा बघायला येत नाही. तो वाकून गेटच्या खालची फट बघतो, दोन महिन्यांचं पिल्लू वीतभर फटीतून आरामात निघतं आणि बाहेर रस्त्यावर रेंट-अ-बाइकवाले कसे चालवतात ते तुम्हाला माहितीच आहे. मग विहीर. जुन्या घरांच्या विहिरींना कठडा कधी कधी गुडघ्याएवढा पण नसतो, त्यावर जाळी टाकून घ्या, माणूस यायच्या आधीच टाका.

नसबंदीची अट जवळपास सगळीकडे असते, पिल्लू लहान असेल तर मोठं झाल्यावर करून घेईन असं लिहून घेतात. एकदा तरी पिल्लं होऊ दे, मादीच्या तब्येतीला बरं असतं, हे घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकाल, ते खरं नाही. उलट नसबंदी केलेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो, आणि लवकर केली तर स्तनाच्या गाठींचा पण खूप कमी होतो. आणि सहा पिल्लं झाली तर नर सगळे मागून नेतात हो, माद्या कोण नेत नाही, मग त्याच माद्या खोक्यात घालून बाजाराजवळ ठेवलेल्या सापडतात. म्हणून तुम्ही जाल तेव्हा मादी मागा, काळी असली तर अजून चांगलं, ती सगळ्यात जास्त दिवस पिंजऱ्यात राहते.

आता तुम्ही काय विचारायचं. लसीचं कार्ड मागा, पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बीचवर फिरवू नका. पावसाळा जवळ असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झाली का ते मुद्दाम विचारा, शेतात, ओहळाच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून ते पसरतं. गोचिडांचं औषध तर इथे बारा महिने. रेबीजच्या बाबतीत गोव्यात खूप काम झालंय, मिशन रेबीज या संस्थेचे लोक वर्षानुवर्षं कुत्र्यांना पकडून लस टोचायला जाळ्या घेऊन वाड्यावाड्यावर फिरले, 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, पण ते लसीमुळेच, तेव्हा दरवर्षीचा डोस चुकवू नका.

ब्रीडरकडूनच घ्यायचा असेल तर 2017 चे डॉग ब्रीडिंगचे नियम माहीत असू द्या. ब्रीडरची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे, सर्टिफिकेट दाखवा म्हणा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. मादी दीड वर्षाच्या वर आणि आठ वर्षांच्या आत, वर्षातून एकदाच वीण, आयुष्यात पाचच. केनेल क्लबचे कागद म्हणजे ही नोंदणी नव्हे, ते फक्त वंशावळीचे. आणि आई बघायचीच, ती जिथे राहते तिथे जाऊन. तिची हाडं दिसतायत का, जमीन ओली आहे का, ती माणसाला बघून मागे सरकते का. व्हॉट्सॲपवर फोटो, ॲडव्हान्स गुगल पे करा आणि पिल्लू म्हापसा बस स्टँडवर आणून देतो असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. लॅब, जर्मन शेफर्ड घेणार असाल तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. हस्की इथल्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात आणू नका प्लीज, पग पण नाकामुळे धापा टाकतो. पिटबुल, रॉटवायलरचा विचारच सोडा, 2024 मध्ये अंजुण्यात पिटबुलच्या हल्ल्यात लहान मुलगा गेला.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाहुणे बोलवू नका, तो जेवणार नाही, खाटेखाली बसेल, बसू दे. पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी करून घ्या.

आणि शेल्टरने नाही म्हटलं तर का ते नीट विचारा, बहुतेक वेळा गेट, विहीर नाहीतर घरमालक एवढंच असतं आणि ते दुरुस्त करून परत जाता येतं. तेही जमत नसेल तर फॉस्टर करतो म्हणून सांगा, शेल्टर कुडचड्याचं असो, आसगावचं असो की शिवोलीचं, ऑपरेशननंतर पंधरा दिवस कोणाच्यातरी पडवीत ठेवायला जागा हवी असलेला कुत्रा त्यांच्याकडे कायम असतो.