गृहभेटीच्या अहवालातला पूर्वग्रह कसा पकडावा

बडोद्यात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं फील्डवर्क मी बरीच वर्षं बघते आहे. मुलांचे अहवाल माझ्या टेबलावर येतात आणि लाल पेन घेऊन मी ते ओळ न् ओळ वाचते. एवढ्या वाचनातून माझं एक मत पक्कं झालं आहे: पूर्वग्रहावरचं प्रशिक्षण भाषणातून होत नाही, अहवालाच्या कागदावर होतं. ‘सगळी माणसं समान’ हे परीक्षेत सगळेच लिहितात. शहरातल्या गोत्री भागातल्या बांधकामावर एखाद्या राठवा कुटुंबाला (राठवा ही छोटाउदेपूरकडची आदिवासी जमात) भेटून आल्यावर काय लिहितात, ते बघायला हवं.

सुरुवात टिपणवहीपासून करा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे तुम्हाला जे वाटलं ते. एका विद्यार्थिनीनं सरळ लिहून आणलं होतं, ‘आई मुलाकडे दुर्लक्ष करते.’ तिला म्हटलं, रेघ मार आणि पुन्हा लिही. तेव्हा डावीकडे आलं: ‘दुपारची वेळ. वर्ष-दीड वर्षाचं मूल वाळूच्या ढिगाजवळ गोणपाटावर झोपलेलं. शेजारी मोठी बहीण बसून माश्या वारते आहे. आई दुसऱ्या मजल्यावर विटा चढवते. मध्ये खाली येऊन मुलाला अंगावर पाजून गेली.’ ‘दुर्लक्ष’ उजवीकडे गेलं आणि तिथे त्याला कशाचाच आधार उरला नाही. मग खरा प्रश्न समोर आला: या साइटवर मुलांना ठेवायला जागा का नाही? बांधकाम कामगारांसाठी 1996 साली झालेला कायदा सांगत होता, की 50 पेक्षा जास्त स्त्रिया नेहमी कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी; 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली. म्हणजे शिफारशीत ‘आईचं समुपदेशन’ नको. साइटवर कामगार किती आणि त्यात बायका किती ते ठेकेदाराला विचारून लिहायचं. आकडा कमी निघाला तर जवळची अंगणवाडी त्या मुलांना घेते का, ते बघायचं.

गरिबीला निष्काळजीपणा ठरवलं की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं आहे. तिथल्या मूळनिवासींची 25 ते 35 टक्के मुलं आईबापांपासून तोडून परक्या घरांत आणि संस्थांत ठेवली गेल्याचं पाहण्यांत आढळलं, आणि 1978 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मुलं काढून घेण्याच्या त्या निर्णयांमध्ये आपल्याच व्यवसायातली माणसं होती आणि कारण मुलाचं हित हेच दिलं जायचं. 2021 मध्ये तिथल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं या व्यवसायातल्या वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. वर्गात मी हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या मुलांना वंशभेद म्हणजे परदेशातली गोष्ट वाटते.

तसं नाही. गुजरातेत सिद्दी शतकानुशतकं राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले; भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, तिथे त्यांची वस्ती आहे. अशाच एका तरुणाबद्दल अहवालात वाक्य होतं: ‘कोणत्या देशाचा आहे ते विचारलं. गुजराती चांगलं बोलतो.’ इथे अदलाबदलीची कसोटी लावा. शेजारच्या पटेलांच्या मुलाबद्दल ‘गुजराती चांगलं बोलतो’ असं लिहाल का? नसाल लिहिणार, तर ते वाक्य त्या तरुणाबद्दल काहीच सांगत नाही, काढून टाका. आणि यात नुकसान त्याचं झालं. सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा सौराष्ट्रातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरताच आहे, त्यामुळे दाखला मिळेल की नाही हे घराणं मूळ कुठल्या जिल्ह्यातलं यावर ठरतं. देश विचारण्यात वेळ गेला आणि जिल्हा विचारायचा राहिला. जात, जमात, धर्म हे रकाने जिथे हक्कासाठी लागतात तिथे नीट भरा. स्वभावाच्या आणि वागणुकीच्या परिच्छेदात ते डोकावायला लागले की थांबा.

माहिती कोणी दिली हे प्रत्येक वाक्यापुढे लिहायची सवय लावून घ्या. ‘दारू पितो’ हे मुकादम म्हणाला, बायको म्हणाली, की तुम्ही पाहिलं? राठवी बोलणाऱ्या कुटुंबाकडे मुकादमालाच दुभाषा करून जाऊ नका. ज्याच्याकडे मजुरी अडकली आहे त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. लहान मुलांनाही मध्ये घालू नका. छोटाउदेपूरकडचा एखादा विद्यार्थी तुमच्या तुकडीत असेल तर त्याची मदत घ्या, पण अहवालात त्याचं श्रेय लिहा. त्याला फुकटचा भाषांतरकार समजणं हाही भेदभावच.

पोलिसांकडून आलेले शिक्के वेगळे काढा. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो 1952 मध्ये रद्द झाला, पण ‘या लोकांचा धंदाच तो’ हे वाक्य अजून अहवालांत सापडतं. मुलांच्या प्रकरणात तर सवालच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच आहे, की मुलाबाबत आरोप करणारे शब्द वापरायचे नाहीत.

‘कुटुंब अस्थिर, वारंवार घर बदलतं’ या वाक्याशी मी नेहमी अडते. का बदलतं? 1917 साली परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांना कामाठी बागेत बसून राहावं लागलं. त्यांच्या कागदावर कोणी ‘अस्थिर’ लिहिलं असतं तर? आडनाव ऐकल्यावर घरमालकानं काय सांगितलं ते कुटुंबाला विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा.

आणखी एक, ते कागदाआधीचं. घरात गेलात की पाण्याचा पेला पुढे येतो. तो तुम्ही घेता की ‘आत्ताच प्यायलो’ म्हणता, हे त्या घरातलं प्रत्येक माणूस बघत असतं. पाणी घ्या. तब्येतीचं खरंच कारण असेल तर प्रत्येक घरी तेच कारण द्या, निवडक घरी नको.

ज्यांना आपल्या संस्थेत असं प्रशिक्षण द्यायचं आहे त्यांच्यासाठी: वर्षातून एकदा पाहुणा बोलावण्यापेक्षा महिन्यातून एक दुपार जुन्या फायलींना द्या. संस्थेची परवानगी घेऊन नाव, आडनाव, पत्ता, जात, धर्म, गाव सगळं झाका. हे गोपनीयतेसाठी आवश्यक आहेच, पण त्यातूनच प्रयोगही होतो. एका गटाला झाकलेली फाईल द्या. दुसऱ्या गटाला तीच फाईल द्या, पण तिच्यावर एखादं काल्पनिक आडनाव आणि वस्ती घाला. दोघांनी शिफारस लिहायची, मग शेजारी शेजारी ठेवून वाचायची. एका गटानं ‘शाळेशी बोलावं’ आणि दुसऱ्यानं ‘संस्थेत दाखल करावं’ लिहिलं असेल, तर चर्चा तिथून सुरू करा. कुणाला लाजवू नका. लाजलेलं माणूस पुढच्या वेळी खरं लिहीत नाही. त्या समाजातला विद्यार्थी खोलीत असेल तर ‘तुमच्यात काय पद्धत असते?’ असं त्याला सगळ्यांसमोर विचारू नका.

अहवाल देण्याआधी तो कुटुंबाला त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. न पटलेलं त्यांच्या नावानं खाली नोंदवा. एखाद्याच्या जिवाला धोका होईल असा मजकूर तेवढा वगळा आणि तो का वगळला ते वरिष्ठांना लेखी कळवा.

वरिष्ठच म्हणाले की ‘या वस्तीतलं आहे, फार खोलात जाऊ नकोस’, तर? वकिलांना बार कौन्सिल आहे, तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांवर देखरेख ठेवणारी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही, त्यामुळे दाद मागायची तर कागद हाताशी हवा. तोंडी वाद घालत बसू नका. ‘माझी शिफारस अशी होती, बदल अमुक तारखेला अमुक कारणानं सुचवला गेला’ एवढं फाईलमध्ये लिहा, सही करा आणि फील्डवर्कच्या पर्यवेक्षकाला त्याच दिवशी दाखवा.