पोर्टबी आणि एक बरोबरचं चिन्ह

मायक्रोकंट्रोलर चिपची रजिस्टरं, म्हणजे तिच्या पिना चालवणारे आतले कप्पे, शिकायला बसलो तेव्हा मला आर्डुइनोची पिन हाय-लो करायची तयार आज्ञा, डिजिटलराइट, चांगलंच येत होतं, आणि तेच नडलं. पिनला नंबर असतो, हाय म्हटलं की दिवा लागतो, एवढीच समज. आर्डुइनो ऊनो बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या लेखी पिन अशी एकटीदुकटी नसते. जास्तीत जास्त आठ पिनांचा एक पोर्ट, आणि पोर्टाच्या रजिस्टरात प्रत्येकीच्या वाट्याला एक बिट, म्हणजे ० किंवा १ ची एक जागा. आर्डुइनो ऊनोवरची १३ नंबरची पिन म्हणजे पोर्ट बीचं ५ नंबरचं बिट. मोजणी शून्यापासून, म्हणजे उजवीकडून सहावं.

पोर्टाला रजिस्टरं तीन. डीडीआरबी दिशा ठरवतं: १ म्हणजे आउटपुट, ० म्हणजे इनपुट. पिनबी वाचलं की पिनवर आत्ता काय आहे ते कळतं. पोर्टबी मात्र दुतोंडी आहे. पिन आउटपुट असेल तर ते हाय-लो करतं. इनपुट असेल तर आतला पुल-अप, म्हणजे मोकळ्या पिनला हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर, चालू-बंद करतं. हे मी चिपच्या माहितीपत्रकात, डेटाशीटमध्ये, वाचलं, मान डोलावली आणि विसरलो.

मग ५ नंबरच्या बिटावर एलईडी लावला, ० नंबरवर बटण, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला. सुरुवातीलाच ० नंबरचा पुल-अप चालू केला होता. रीसेटनंतर पहिल्यांदा बटण दाबलं की सगळं झकास. त्यानंतर बोर्डाजवळ नुसता हात नेला तरी एलईडी लुकलुकायचा. बटण बदललं, ब्रेडबोर्ड बदलला, वायरींना शिव्या घातल्या. शेवटी मल्टिमीटर लावला: रीसेटनंतर बटणाच्या पिनवर जवळपास ५ व्होल्ट, एलईडी एकदा लागला की ते ५ व्होल्ट गायब!

एलईडी लावायची ओळ अशी होती:

पोर्टबी = ०बी००१०००००; (०बी म्हणजे पुढचा आकडा बायनरी)

एक बिट १ केलं खरं, पण उरलेल्या सातांवर शून्य फिरवलं. त्यात ० नंबरचा पुल-अपही गेला आणि पिन अधांतरी लटकली. हवं होतं ते हे, १ ला पाच घरं डावीकडे सरकवून फक्त तेवढंच बिट १ करायचं:

पोर्टबी |= (१ << ५);

विझवताना फक्त तेच बिट शून्य करायचं: पोर्टबी &= ~(१ << ५). बाकीची बिटं जिथल्या तिथे राहतात. नुसतं टॉगल, म्हणजे हायचं लो आणि लोचं हाय, करायचं असेल तर या चिपवर आणखी सोपी युक्ती आहे: पिनबीच्या त्या बिटात १ लिहायचं. वाचायच्या रजिस्टरात लिहायचं हे मला आजही जरा विचित्र वाटतं.

बटण वाचताना पिनबीऐवजी पोर्टबी वाचणं ही नवख्यांची दुसरी ठरलेली चूक. पोर्टबी तुम्ही लिहिलेलंच परत सांगतं, बाहेर काय चाललंय ते नाही.

चिप बदलली की सवयीही बदलाव्या लागतात. पिक या दुसऱ्या चिपांमध्ये दिशेचं रजिस्टर ट्रिस, आणि तिथे १ म्हणजे इनपुट, अगदी उलटं. एसटीएम३२ या आणखी एका जातीच्या चिपवर तर मी अख्खी संध्याकाळ घालवली: मोड बरोबर, बिट बरोबर, तरी एलईडी ढिम्म. त्या पोर्टाचा क्लॉकच, म्हणजे त्याला चालवणारे ठोकेच, चालू केला नव्हता, त्यामुळे लिहिलेलं रजिस्टरात उतरतच नव्हतं. पण तिथलं पिना हाय-लो करायचं बीएसआरआर हे रजिस्टर मला फार आवडलं. खालच्या १६ बिटांत १ लिहिला की पिन हाय, वरच्या १६ मध्ये लिहिला की लो, आणि शून्य लिहिलं त्या पिनला धक्काही नाही. तिथे सरळ बरोबरचं चिन्ह टाकलं तरी चालतं.