हात माउसवरून कीबोर्डवर: सोसायटीच्या हिशेबाला रोज लागणारे शॉर्टकट

मुलुंडमधल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब मी बघते. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, थकबाकीच्या नोटिसा, पालिकेच्या पाणीबिलाची फ्लॅटवार वाटणी, असं सगळं दिवसभर कॉम्प्युटरवरच चालतं. हाताखाली बी.कॉम. झालेल्या मुली येतात. एमएस-सीआयटी केलेलं असतं, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही तोंडपाठ असतं, तरी उजवा हात सारखा माउसकडे जातो. कारण कॉपी कीबोर्डवरून होते, पण काय कॉपी करायचं ते निवडायला माउस लागतो. 84 फ्लॅटची यादी माउसने खाली ओढत न्यायची, बोट सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. खरा वेळ जातो तो निवडण्यात. म्हणून मी शिकवायला सुरुवात करते ती हलण्यापासून आणि निवडण्यापासून.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या शंभर शॉर्टकटच्या याद्या बाजूला ठेवा. त्या पाठ होत नाहीत, आणि झाल्या तरी त्यातले बहुतेक तुमच्या कामाचे नसतात. त्यापेक्षा आपला हात माउसकडे का गेला ते दिवसभर बघा. ज्या कामासाठी सगळ्यात जास्त वेळा गेला, तेवढ्याचंच बटण आधी शिका. ते अंगवळणी पडल्यावर दुसरं.

एक्सेलमध्ये कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की कर्सर थेट भरलेल्या मजकुराच्या शेवटाला उडी मारतो. मध्ये एखादा सेल रिकामा असेल तर तिथेच थांबतो. "जमा रक्कम" या कॉलममध्ये असे रिकामे सेल भरपूर, कारण सगळ्यांनी पैसे भरलेले नसतात. फ्लॅट नंबरच्या कॉलममध्ये मात्र एकही जागा रिकामी नसते. तेव्हा आधी त्या कॉलममध्ये या, तिथून उडी मारा, शेवटच्या फ्लॅटवर पोहोचलात की बाणाने बाजूला सरका. चुकून रिकाम्या कॉलममध्ये उडी मारलीत तर कर्सर शीटच्या अगदी तळाशी, 10,48,576 नंबरच्या ओळीवर जाऊन बसेल. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. कंट्रोल-होम दाबा, पुन्हा वर याल.

याच बाणाला शिफ्ट जोडलं की हलता हलता निवड होते. म्हणजे कंट्रोलने उडी, शिफ्टने निवड, आणि दोन्ही मिळून उडीभर निवड. एवढं एक सूत्र हाताला बसलं की ते सगळीकडे चालतं. वर्डमध्ये, मेलमध्ये, ब्राउझरमधल्या फॉर्ममध्येसुद्धा कंट्रोल-शिफ्ट-उजवा बाण एक अख्खा शब्द निवडतो, आणि कंट्रोल-बॅकस्पेस मागचा शब्द पुसतो. एकेक अक्षर खोडत बसायचं कारण उरत नाही.

आता एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. भाड्याने दिलेल्या फ्लॅटना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के. अशा फ्लॅटची यादी मी वेगळ्या शीटवर ठेवते (एका शीटवरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल-पेजडाउन, परत यायला कंट्रोल-पेजअप). डी कॉलममध्ये सेवाशुल्क आहे, आणि 10 टक्के हा आकडा एकाच जागी, एच 1 या सेलमध्ये लिहिला आहे. पहिला फ्लॅट पाचव्या ओळीत आहे असं धरू. त्याच्यासमोर, ई 5 मध्ये सूत्र लिहायचं: बरोबरची खूण, डी 5, गुणिले (*), एच 1. एच 1 लिहून झाल्या झाल्या, एंटर दाबायच्या आधी, एफ 4 दाबायचं. त्या नावात डॉलरच्या दोन खुणा येतात, म्हणजे तो सेल पक्का झाला. हे केलं नाही तर सूत्र खाली उतरवताना एच 1 चं एच 2, एच 3 होत जातं आणि खालच्या सगळ्या फ्लॅटपुढे शून्य येतं.

सूत्र खाली उतरवताना बहुतेक जण अडकतात. ई कॉलम अजून रिकामा आहे, त्यामुळे तिथून कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबला तर निवड तळापर्यंत जाते. त्याऐवजी डावीकडे डी कॉलममध्ये या, कंट्रोल-खालचा बाण, शेवटच्या फ्लॅटवर पोहोचा, एक पाऊल उजवीकडे, आणि आता कंट्रोल-शिफ्ट-वरचा बाण. निवड खालून वर जाते आणि सूत्राच्या सेलवर थांबते. मग कंट्रोल-डी. सगळी रक्कम भरली. एकदा सावकाश करून बघा, मग सलग. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून हात विचार न करता फिरतो.

लॅपटॉपवर एफ 4 दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर एफएन धरून एफ 4 दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केप एकदा दाबलं की वरच्या ओळीतली बटणं कायमची एफ 1 ते एफ 12 म्हणून चालायला लागतात. हिशेबाचं काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करून घ्यावं.

सगळ्या फ्लॅटना एकच रक्कम लावायची असेल, समजा पार्किंगचे 300 रुपये, तर सूत्राचीही गरज नाही. सेल निवडा, 300 टाइप करा आणि एंटरऐवजी कंट्रोल-एंटर दाबा. निवडलेल्या प्रत्येक सेलमध्ये 300 येतात. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरची खूण. आजच्या तारखेला कंट्रोल आणि अर्धविराम. कंट्रोल-शिफ्ट-एलने फिल्टर लागतो, त्याच बटणाने निघतो.

पावत्या भरताना टॅब आणि एंटरची जोडी वापरा. फ्लॅट नंबर, टॅब, तारीख, टॅब, रक्कम, एंटर. टॅबने कितीही उजवीकडे गेलात तरी एंटर दाबल्यावर कर्सर पुढच्या ओळीत, जिथून सुरुवात केली त्याच कॉलममध्ये येतो. उजवा हात उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवरच राहतो, डावा टॅबवर. दोन्ही हातांना आपापली जागा मिळाली की कामाची लय सुटत नाही, आणि आकडा चुकण्याचं प्रमाण कमी होतं. मला वेग त्यासाठीच हवा असतो. सभासदाच्या बिलात चूक गेली तर त्याचं समाधान करण्यात बिल बनवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, तीही डाव्या हाताशी. चूक फिरवणं, कापणं, कॉपी, चिकटवणं, सगळं कंट्रोलजवळ. कट-कॉपी-पेस्टची पद्धत 1970 च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी बसवली. टेस्लर 2020 साली गेले. आपण रोज त्यांचंच काम वापरतो, म्हणून नाव माहीत असावं असं मला वाटतं.

कॉपीच्या बाबतीत आणखी एक बटण शिकाच: विंडोज-व्ही. पहिल्यांदा दाबल्यावर कॉपीची यादी ठेवणं चालू करायचं का विचारतं, हो म्हणा. त्यानंतर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी तिथे दिसतात आणि हवी ती चिकटवता येते. नोटीस बनवताना सभासदाचं नाव, फ्लॅट, रक्कम एकदाच ओळीने कॉपी करून घ्यायची. पण कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत राहतो, तो लगेच काढून टाका.

बँकेचं स्टेटमेंट जुळवताना दोन खिडक्या शेजारी हव्यात. स्टेटमेंटवर असताना विंडोज-डावा बाण, हिशेबाच्या शीटवर विंडोज-उजवा बाण. खालच्या पट्टीवर पहिला एक्सेल आणि दुसरा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) पिन करून ठेवा, म्हणजे विंडोज-1 ने एक्सेल आणि विंडोज-2 ने टॅली समोर येतो. ऑल्ट-टॅबने चार खिडक्या चाळत बसण्यापेक्षा हे बरं. टॅली तर मुळातच कीबोर्डवर चालणारा आहे: एफ 5 पेमेंट, एफ 6 रिसीट, एफ 7 जर्नल, एफ 2 तारीख, कंट्रोल-ए सेव्ह. व्हाउचर (व्यवहाराची नोंद) भरताना लेजर, म्हणजे त्या नावाचं खातं, नसेल तर तिथल्या तिथे ऑल्ट-सीने नवीन बनतो, आणि दर महिन्याला तेच येणारं वॉचमनच्या एजन्सीचं बिल ऑल्ट-2 ने जुन्या व्हाउचरची नक्कल करून टाकता येतं.

नोटिसा मराठीत असतात. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्यामुळे ऑगस्टमध्ये तर रोजच मराठी टाइप होतं. विंडोज-स्पेसने इंग्रजी आणि मराठी कीबोर्ड बदलतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत सीच्या जागी म आणि व्हीच्या जागी न आहे, तरी कंट्रोल धरला की कॉपी-पेस्ट नेहमीसारखंच चालतं, त्यासाठी इंग्रजीत परतायला नको. "दुसऱ्या", "कर्मचाऱ्यांना" यातला ऱ्या अनेक नोटिसांमध्ये चुकीचा छापला जातो. तो असा येतो: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ (/) असलेलं बटण, मग ई. म्हणजे ऱ, हलन्त, य, काना. क्ष हवा तर शिफ्ट-7, ज्ञ हवा तर शिफ्ट-5.

ब्राउझरचं फार सांगायला नको. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो, आणि पत्त्याच्या पट्टीत जायला कंट्रोल-एल. फाइलचं नाव बदलायला एफ 2.

आणि खुर्चीवरून उठताना विंडोज-एल दाबाच. सोसायटीच्या ऑफिसात दिवसभर कोणी ना कोणी पावती घ्यायला, तक्रार सांगायला येतं, टेबलाच्या या बाजूला येऊन उभंही राहतं. शेजारच्याची थकबाकी किती, हे त्याला तुमच्या स्क्रीनवरून कळता कामा नये. विंडोज-एलने स्क्रीन लगेच कुलूपबंद होते आणि आतलं काम आहे तसं राहतं.