दुबईत बाळंतपण: १२० दिवसांचे गणित आणि बाळंतिणीची तयारी

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, परदेशी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या बाळाला तेथील नागरिकत्व मिळत नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. भारताचे नागरिकत्वही त्याला आपोआप मिळत नाही, हे मात्र अनेक जोडप्यांना रुग्णालयातून घरी आल्यावर कळते. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ही नोंद होत नाही. यूएईचा नियम याहून घाईचा आहे: जन्मापासून १२० दिवसांत बाळाचा रहिवासी व्हिसा झाला पाहिजे, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचा दंड चढत जातो. व्हिसासाठी पासपोर्ट लागतो, पासपोर्टसाठी जन्मदाखला लागतो आणि जन्मदाखल्यासाठी आईवडिलांचे विवाह प्रमाणपत्र लागते. ही साखळी शेवटच्या कडीपासून उलट मोजली, तर कामाला बाळाच्या जन्मानंतर नव्हे, पाचव्या महिन्यातच लागायला हवे हे ध्यानात येते.

आधी ठरवावे: माहेरी की दुबईत

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आखातातही टिकून आहे आणि तिच्यात सुख आहेच, पण निर्णय करण्यापूर्वी तारखांचा हिशेब मांडावा. पोटात एकच बाळ असेल तर बहुतेक विमान कंपन्या ३६ व्या आठवड्यानंतर गरोदर स्त्रीला प्रवासाला घेत नाहीत, आणि २८-२९ व्या आठवड्यापासूनच डॉक्टरांचे पत्र मागतात. दुसरीकडे, साध्या रहिवासी व्हिसावरची व्यक्ती सलग सहा महिन्यांहून अधिक काळ यूएईबाहेर राहिली, तर तिचा व्हिसा रद्द होऊ शकतो. सातव्या महिन्यात ओटीभरण उरकून माहेरी जायचे आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की परतायचे, हा घरोघरचा बेत या सहा महिन्यांच्या अगदी काठावर येऊन ठेपतो. त्यातच बाळाचा पासपोर्ट भारतात निघायला आठवडाभर उशीर झाला की आईचा व्हिसाही धोक्यात येतो. शिवाय भारतात जन्मलेल्या बाळासाठी वडिलांनी दुबईतून आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, त्यानंतरच विमानाचे तिकीट घेता येते. कुटुंबाला स्पॉन्सर करण्यासाठी, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर व्हिसा काढून देण्यासाठी, वडिलांचा पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, असा असावा लागतो.

दुबईत बाळंत व्हायचे ठरले, तर विम्याची पॉलिसी स्वतः वाचावी. बाळंतपणाच्या खर्चाची मर्यादा किती, आपल्या खिशातून किती टक्के भरायचे आणि सिझेरियन झाल्यास हिशेब कसा बदलतो, हे तीन प्रश्न कंपनीच्या एचआर विभागाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. तोंडी मिळालेले उत्तर बिल भरण्याच्या खिडकीवर उपयोगी पडत नाही.

विवाह प्रमाणपत्राचे अटेस्टेशन

अटेस्टेशन म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के. या साखळीत सर्वाधिक वेळ खाणारा कागद हा. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाने दिलेला दाखला येथे चालत नाही. विवाह निबंधकाकडचे नोंदणी प्रमाणपत्रच लागते. त्यावर राज्य शासनाचे, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे, मग भारतातील यूएई वकिलातीचे आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचे, ज्याला तिथे सगळे ‘मोफा’ म्हणतात, असे शिक्के क्रमाने पडावे लागतात. अपोस्टिलचा, म्हणजे हेग करारातील देश एकमेकांच्या कागदांवर मानतात तो, एकच शिक्का पुरेल असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये, कारण यूएई त्या करारात सामील नाही. मूळ कागद भारतात पाठवून, शिक्के घेऊन परत येईपर्यंत काही आठवडे सहज जातात, आणि लग्नाची नोंदणीच राहून गेली असेल तर आणखी वेळ लागतो. गंमत अशी, की लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ सोबत नेलेल्या घरांतच हा एक कागद नेमका राहून गेलेला असतो.

याच वेळी आईच्या नावाचाही निकाल लावावा. पासपोर्टवर माहेरचे नाव, विवाह प्रमाणपत्रावर सासरचे आणि एमिरेट्स आयडीवर (यूएईच्या रहिवासी ओळखपत्रावर) तिसरेच, अशी स्थिती मराठी घरांत सर्रास आढळते. माहेरचे नाव चालते. मात्र बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव तिच्या पासपोर्टवर आहे अगदी तसेच, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने उतरले पाहिजे.

नाव बारशाआधी ठरवावे

बाराव्या दिवशी पाळण्यात घालून, आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचे, ही पद्धत हौसेने जरूर पाळावी, पण दाखल्यासाठीचे नाव रुग्णालय त्यापूर्वीच विचारते. म्हणून मुलगा आणि मुलगी अशी दोन्ही नावे आधीच कागदावर लिहून पिशवीत ठेवावीत. पासपोर्टमध्ये ‘गिव्हन नेम’ (स्वतःचे नाव) आणि आडनाव असे दोन रकाने असतात. बाळाचे व वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात, अशी मांडणी करावी. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये, कारण पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून लागू केला आहे. आज रहिवासी असलेले मूल उद्या पाहुणे म्हणूनही येऊ शकते.

दाखला अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो. अरबी लिपीत प, च, ट, ण आणि ळ यांना स्वतःची अक्षरे नाहीत, त्यामुळे पार्वतीची ‘बार्वती’ होते आणि चिन्मयचा कधी ‘शिनमय’ होतो. हे टाळता येत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख आणि आईवडिलांचे पासपोर्ट क्रमांक मात्र खिडकीपासून हलण्यापूर्वी अक्षर अन् अक्षर तपासावेत.

जन्मानंतरचा क्रम

रुग्णालय जन्माची सूचना देते आणि तिच्यावरून आरोग्य खात्याचा जन्मदाखला निघतो. त्याच्या दोन-तीन प्रती घेऊन मोफाचा शिक्का मारून घ्यावा, कारण पुढे भारतात शाळाप्रवेश असो वा आधार, हाच दाखला दाखवावा लागतो. दुबईत बाळाला जन्मापासून ३० दिवस आईच्या विम्याचे संरक्षण असते. त्यानंतर बाळाचे स्वतंत्र नाव पॉलिसीत लागते, म्हणून वडिलांनी पहिल्याच आठवड्यात एचआरला कळवावे आणि पासपोर्ट येईपर्यंत थांबू नये.

दुसरे काम भारतीय पासपोर्टचे. दुबई आणि उत्तरेकडील अमिरातींतील कुटुंबांसाठी दुबईचे वाणिज्य दूतावास आहे, तर अबुधाबीसाठी तेथील दूतावास. प्रत्यक्ष अर्ज त्यांनी नेमलेल्या सेवा केंद्रात दिला जातो. नागरिकत्वासाठी जन्माची नोंद आणि पासपोर्ट या दोन्हींची कागदपत्रे एकाच वेळी तयार करावीत. दोन्ही पालकांच्या सह्या, दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात. नवजात बाळाचा डोळे उघडे असलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो काढणे हे स्टुडिओतल्या फोटोग्राफरपेक्षा घरीच सोपे जाते: दूध पिऊन झाल्यावर पांढऱ्या चादरीवर निजवावे आणि खिडकीच्या उजेडात वरून फोटो घ्यावा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे तेव्हाच कॅलेंडरमध्ये टिपून ठेवावे.

पासपोर्ट हाती आला की आमेर सेंटर (दुबईतले व्हिसाच्या कामांचे सेवा केंद्र) किंवा सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एखाद्या टायपिंग सेंटरमधून व्हिसा आणि एमिरेट्स आयडीचा अर्ज करावा. बाळाची वैद्यकीय तपासणी किंवा बोटांचे ठसे लागत नाहीत, त्यामुळे ही पायरी सर्वांत सोपी आहे. व्हिसा लागेपर्यंत भारतभेटीचे तिकीट काढू नये.

वडिलांना या धावपळीसाठी कायद्यानेच मदत केली आहे. खासगी नोकरीत २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात आई आणि वडील दोघांनाही पाच दिवसांची पालकत्व रजा आहे आणि ती बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत तुकड्यातुकड्यांनी घेता येते. माझ्या मते ती रुग्णालयातच संपवू नये. निदान दोन दिवस दूतावास आणि आमेरसाठी राखावेत. आईची प्रसूती रजा मात्र तोकडी आहे: ६० दिवस, त्यांपैकी ४५ पूर्ण पगाराचे आणि १५ अर्ध्या पगाराचे. भारतातील २६ आठवड्यांची सवय मनात असेल तर हा आकडा जाचतो. कामावर परतल्यावर बाळंतपणापासून सहा महिने रोज एक तासापर्यंत स्तनपानाची सवड हक्काने मिळते. ती दिवसाच्या शेवटी एकत्र घेऊन लवकर निघता येईल का, हे रजेवर जाण्यापूर्वीच साहेबांशी बोलून ठरवावे. डीआयएफसी (दुबईचे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र) यासारख्या काही विशेष क्षेत्रांत नोकरीचे नियम वेगळे आहेत.

आजीची बॅग

आईची आई येते ती ३० किंवा ६० दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर, आणि तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा आणि मऊ जुन्या साड्यांची लंगोटी असतात. येथे एका पदार्थाबाबत फार काटेकोर राहावे लागते, तो म्हणजे खसखस. यूएईत खसखशीवर बंदी आहे आणि अमली पदार्थांच्या कायद्यानुसार कारवाई होऊ शकते. डिंकाच्या लाडवांत ती घालण्याची पद्धत घरोघरी असल्याने आजीला फोनवर नुसते “खसखस आणू नका” असे सांगून भागत नाही. लाडू, मसाला, अनारसे आणि शेजारणीने प्रेमाने दिलेला डबा यांपैकी कशातही ती नसावी, असे स्पष्ट सांगावे. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधेही नियंत्रित आहेत. आजीची नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटातच आणावीत. डिंक, खारीक, अळीव, मेथी हे सगळे करामा आणि मीना बाजारातल्या दुकानांत मिळते, तेव्हा लाडू दुबईतच वळणे सर्वांत निर्धोक.

शेक-शेगडीचा आणि ओव्याच्या धुरीचा आग्रह सौम्यपणे मोडून काढावा. बंद फ्लॅटमध्ये कोळशाचा वायू बाळाला आणि बाळंतिणीला घातक ठरतो, शिवाय छतावरचा धूरशोधक वाजला की सुरक्षा रक्षक दारात उभा राहतो. गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकता येते. बाळगुटी, मध आणि घुटीची मात्रा यांऐवजी पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. काजळात शिसे असू शकते म्हणून तेही टाळावे. तीट गालावर लावायची असेल तर ती घरी उगाळलेल्या चंदनाची लावता येते, म्हणजे आजीचेही मन राहते.

मालिशीला बाई ठेवायची असल्यास तिचा व्हिसा कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. दुसऱ्याच्या स्पॉन्सरशिपवरील किंवा बिनाव्हिसाची बाई कामाला ठेवली तर मालकाला जबर दंड होतो. घरकामगारांसाठी तदबीर केंद्रांमार्फत रीतसर व्यवस्था आहे.

उन्हाळ्यातले बाळ

जुलै-ऑगस्टमध्ये दुबईचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गच्चीवरील टाक्यांतले पाणी तापून नळातून थेट कढत येते. त्यामुळे ‘थंड’ नळ सोडून बाळाला अंघोळ घालू नये. जुन्या रहिवाशांची युक्ती अशी, की उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा. त्याच्या टाकीत घरातल्या गारव्याने निवलेले पाणी साठते आणि ‘गरम’ नळातून तेच सोसवेल असे मिळते. तरीही कोपर बुडवून पाहिल्याशिवाय बाळाला पाण्यात घेऊ नये. बादलीत रात्रीच पाणी भरून ठेवणे हा आणखी सोपा उपाय आहे.

गाडीत बाळासाठी सीट लागते. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती नसल्यास ४०० दिरहम दंड आहे. उन्हात उभ्या गाडीतील सीटच्या पट्ट्याचे धातूचे बक्कल हातावर लावून पाहूनच बाळाला बसवावे आणि पेट्रोल भरण्यापुरतेही त्याला गाडीत एकटे ठेवू नये. ऊन भरपूर असूनही बाळे एसीतच वाढत असल्याने ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबांविषयी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे.

पहिली भारतभेट बहुधा लसीकरणाच्या मध्येच येते. भारतात शासकीय वेळापत्रकानुसार लशी ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात, तर यूएईत दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्यात. गावच्या डॉक्टरांना दुबईचे कार्ड दाखवल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नये आणि तिथे दिलेल्या लशीचे नाव व तारीख त्याच कार्डावर शिक्क्यासह लिहून घ्यावी, कारण शाळाप्रवेशाच्या वेळी हेच कार्ड मागितले जाते.