नेटवर्क ड्राइव्हवरून वेबसाइटच्या फाइली चढवताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कृषी केंद्राची, पतसंस्थेची किंवा शाळेची वेबसाइट बहुधा हिशेब बघणारा माणूसच सांभाळतो. एफटीपीचं (सर्व्हरवर फाइली चढवायचं) वेगळं सॉफ्टवेअर शिकत बसण्यापेक्षा ‘झेड ड्राइव्ह उघडा, फाइल टाका’ हे त्याला सोपं पडतं. सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं नियंत्रण पान) असलेल्या होस्टिंगवर ही सोय ‘वेब डिस्क’ या नावाने मिळते. एक्सप्लोररमध्ये हा ड्राइव्ह पेनड्राइव्हसारखाच दिसतो, पण त्यामागे वेबडॅव्ह (इंटरनेटवरून फाइली हाताळायची पद्धत) चालतं. प्रत्येक फाइल इंटरनेटवरून होस्टच्या सर्व्हरवर जाते-येते, आणि हे विसरलं की खालचे घोळ होतात.

ड्राइव्ह जोडतानाच्या चुका

‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’च्या खिडकीत पत्ता पूर्ण द्यावा लागतो: एचटीटीपीएस, मग डोमेन, मग कोलन आणि पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) २०७८. बरेच जण पोर्ट लिहीतच नाहीत, किंवा २०७७ टाकतात. २०७७ हे बिनाकुलपाचं पोर्ट, म्हणजे त्यावरून माहिती सांकेतिक न होता उघडीच जाते. विंडोज मूळ सेटिंगमध्ये त्यावरून साधा पासवर्ड पाठवतच नाही, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही खिडकी पुन्हा पुन्हा तोच विचारत राहते. यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करून २०७७ चालू करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका, पासवर्ड उघडा जातो. २०७८ वापरा.

एरर ६७ आली, म्हणजे नेटवर्कचं नाव सापडत नाही असा संदेश आला, तर आधी वेबक्लायंट ही सर्व्हिस (वेबडॅव्हचा ड्राइव्ह चालवणारा विंडोजचा भाग) बघा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा, यादीत वेबक्लायंट उघडा, स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा आणि ‘स्टार्ट’ दाबा. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ही सर्व्हिस जुनी ठरवली, नव्या विंडोजमध्ये ती आपोआप सुरू होत नाही. घरच्या जुन्या संगणकावर जोडला जाणारा ड्राइव्ह दुकानातल्या नव्या लॅपटॉपवर अडतो तो यामुळेच.

सर्व्हिस चालू असूनही जोडलं जात नसेल तर पोर्ट अडलंय का ते तपासा. कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर्कवर फक्त ८० आणि ४४३ मोकळी ठेवून बाकीची पोर्ट बंद केलेली असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहा. तिथे चालत असेल तर दोष नेटवर्कचा आहे, होस्टवाल्याला फोन करून उपयोग नाही.

सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची) तक्रार येत असेल तर ते आपल्या डोमेनच्या नावाचं नसतं किंवा मुदत संपलेलं असतं. अशा वेळी डोमेनऐवजी होस्टने दिलेलं सर्व्हरचं नाव टाकून पाहावं.

आणि पासवर्ड बदलला असेल तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून जुनी नोंद आठवणीने काढा. नाहीतर संगणक गुपचूप जुनाच पासवर्ड पाठवत राहतो, सर्व्हरची फायरवॉल आपला आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) बंद करते, आणि मग ड्राइव्हच काय, आपल्याच वेबसाइटचं पानही उघडेनासं होतं.

५० एमबीची भिंत

माहितीपत्रकाची जड पीडीएफ किंवा केळीबागेचा व्हिडिओ ओढून टाकला की ‘फाइल साइझ मर्यादेपेक्षा जास्त आहे’ असा संदेश येतो, सोबत कोड ०एक्स८००७००डीएफ. लोक लगेच होस्टिंगची जागा संपली असं धरून मोठा प्लॅन घ्यायला निघतात. पैसे घालवू नका, ही अट आपल्याच विंडोजची आहे. वेबक्लायंट मूळ सेटिंगमध्ये ५,००,००,००० बाइटपेक्षा मोठी फाइल नाकारतं.

मर्यादा वाढवायची तर रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, वेबक्लायंट, पॅरामीटर्स असं आत जा. तिथे फाइलसाइझलिमिटइनबाइट्स ही नोंद आहे. ती उघडून आधी ‘डेसिमल’ निवडा (इथेच बहुतेक जण चुकतात) आणि ४२९४९६७२९५ हा आकडा भरा. म्हणजे जवळपास ४ जीबी. त्याहून मोठा आकडा बसतच नाही. नंतर वेबक्लायंट बंद करून पुन्हा सुरू करायचं, तोवर बदल लागू होत नाही.

याच ठिकाणी फाइलअॅट्रिब्यूट्सलिमिटइनबाइट्स नावाची दुसरी नोंद असते, मूळ किंमत १०,००,०००. एका फोल्डरमध्ये साधारण हजाराच्या वर फाइली झाल्या की ही मर्यादा ओलांडते आणि फोल्डर चक्क रिकामा दिसतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो एकाच फोल्डरात कोंबले की हे हमखास होतं. फोटो सर्व्हरवर जागेवरच असतात. घाबरून पुन्हा चढवत बसू नका, वर्षवार फोल्डर करा.

ड्राइव्हवर ‘मोकळी जागा’ म्हणून दिसणारा आकडाही खरा नाही. विंडोज तिथे आपल्या सी ड्राइव्हचाच आकडा दाखवतं. होस्टिंगची जागा सीपॅनलमध्येच बघायची.

अख्खी साइट ओढून टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एक फाइल चढवताना विंडोज आधी शून्य बाइटची फाइल तयार करतं, तिला कुलूप लावतं, मजकूर पाठवतं, तारीख वगैरे नोंदवतं आणि कुलूप काढतं. दर वेळी सर्व्हरच्या उत्तराची वाट. वर्डप्रेसच्या (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) फोल्डरात बारीकसारीक हजारो फाइली असतात. त्या एकेक करून पाठवायच्या म्हणजे नेट कितीही वेगवान असो, तासन् तास जातात. एवढ्यात लाइट गेली किंवा राउटर बंद पडला की काही फाइली ० केबीच्या उरतात, आणि साइटवर पांढरं पान दिसतं. रावेर-यावलकडे उन्हाळ्यात लाइटचा काय भरवसा, ते सांगायला नको.

त्यापेक्षा सगळ्याची एक झिप करा, ती एकटी चढवा आणि सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा. ड्राइव्ह किरकोळ बदलापुरता ठेवा: एखादं पान, दोन फोटो, नवा भावफलक. काम अर्धवट तुटलंच तर फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडून साइझचा रकाना बघा आणि ० बाइटच्या फाइली परत पाठवा. ही तपासणी एक्सप्लोररमध्ये करू नका, तो कधीकधी जुनीच यादी दाखवतो.

एक्सप्लोररमध्ये फोल्डर उघडायलाच वेळ लागत असेल तर इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, लॅन सेटिंग्ज इथे ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’वरची खूण काढा. बऱ्याच संगणकांवर तेवढ्याने फरक पडतो.

फाइल गेली, पण साइटवर दिसत नाही

आधी जागा बघा. वेब डिस्कचं खातं होम फोल्डरवर उघडत असेल तर फाइल पब्लिक_एचटीएमएलच्या (साइटवर दिसणाऱ्या फाइलींच्या फोल्डरच्या) आत टाकायला हवी. खातं थेट पब्लिक_एचटीएमएलवरच उघडत असेल तर आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर करू नका.

मग नाव. विंडोजला इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच, लिनक्स सर्व्हरला वेगळी. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावाचं शेपूट (जेपीजी वगैरे) बहुतेकदा कॅपिटलमध्ये असतं आणि पानात आपण ते स्मॉलमध्ये लिहितो. आपल्या संगणकावर फोटो दिसतो, साइटवर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. नावं स्मॉल इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. पानातल्या लिंकमध्ये ‘झेड कोलन’ किंवा उलटी तिरपी रेघ राहिली नाही ना, तेही बघा. ती लिंक फक्त तुमच्याच संगणकावर चालेल. एवढं करूनही जुनंच पान दिसत असेल तर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा.

पुसणं आणि उघडा ठेवणं

या ड्राइव्हला रिसायकल बिन नाही. डिलीट दाबलं की फाइल गेलीच. पान बदलण्याआधी त्याची प्रत आपल्या संगणकावर घ्या, बदल तिथे करा आणि मग वर पाठवा. सर्व्हरवरची फाइल थेट उघडून सेव्ह करताना नेट तुटलं तर जुनी आणि नवी दोन्ही प्रती हातच्या जातात.

दुकानाच्या संगणकावर ड्राइव्ह कायम जोडून ठेवणं त्याहून धोक्याचं. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर ते जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर हात मारतं, त्यात साइटही आली. काम झालं की ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘डिसकनेक्ट’ करा. संगणक चारजण वापरत असतील तर पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या चौकोनात खूण करू नका आणि सीपॅनलचा मुख्य पासवर्ड तिथे मुळीच देऊ नका. फक्त पब्लिक_एचटीएमएलपुरतं वेगळं वेब डिस्क खातं काढा. माणूस काम सोडून गेला की तेवढं खातं बंद करता येतं.