मोटरची मदत बंद असताना ई-सायकल जड का जाते आणि ते घरच्या घरी कसे तपासावे

बॅटरी संपली किंवा मुद्दाम बंद केली की ई-सायकल जड लागते, हा अनुभव बहुतेकांना येतो आणि त्याचे खापर लगेच मोटरवर फोडले जाते. प्रत्यक्षात काही मोटरी पेडल मारणाऱ्याला खरोखरच अडवतात, काही जवळजवळ मुळीच अडवत नाहीत, आणि काही वेळा दोष ब्रेकचा किंवा टायरमधल्या हवेचा असतो. म्हणून मोटर बदलण्याचा किंवा सायकल विकण्याचा विचार करण्याआधी अडथळा किती आहे आणि तो कुठून येतो, हे मोजून पाहावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याला एक दोरी, पाण्याची एक बाटली, वजनकाटा आणि अर्धा तास एवढेच लागते.

पहिली पायरी म्हणजे आपल्या सायकलची मोटर कोणत्या जातीची आहे हे ओळखणे. चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरी दोन प्रकारच्या असतात. गिअर नसलेल्या, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह मोटरीत बाहेरचे कवच हाच फिरणारा भाग असतो. त्याच्या आतल्या कडेला चुंबके चिकटवलेली असतात आणि आसाला घट्ट बसवलेल्या लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. चाक आणि चुंबके एकच असल्यामुळे वीज असो वा नसो, चाक फिरले की चुंबके गाभ्यावरून फिरतातच. गाभ्याच्या दातांशी ती क्षणोक्षणी ओढली जातात, त्यामुळे चाक हाताने हळू फिरवले तर बारीक टकटक जाणवते. शिवाय गाभ्याचे लोखंड सतत उलटसुलट चुंबकित होत राहते आणि त्यात वीजप्रवाहाचे लहान लहान भोवरे उठतात, ज्यांत आपल्या पायांची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. हा शेवटचा तोटा वेगाबरोबर वाढत जातो.

गिअर असलेल्या हब मोटरीत मात्र आतली लहान मोटर चाकापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरते आणि दातेरी चक्रांमार्फत चाकाला जोर देते. या दोहोंच्या मध्ये एका दिशेनेच पकडणारा क्लच असतो, त्यामुळे मदत बंद असताना चाक पुढे धावते आणि मोटर आत स्वस्थ राहते. या फरकावरून एक सोपी खूण मिळते. चाक उचलून आधी पुढे आणि मग मागे फिरवावे. पुढे मोकळे आणि मागे घरघर करत जड, तर मोटर गिअरची आहे आणि तिचा क्लच ठीक आहे. अशी सायकल हातात धरून मागे ढकलताना जड लागते तो बिघाड नव्हे. दोन्ही दिशांना सारखीच टकटक जाणवली, तर मोटर बहुधा डायरेक्ट ड्राइव्ह असते. गिअरची मोटर आहे हे नक्की माहीत असूनही पुढे फिरवताना घरघर आणि जडपणा असेल, तर क्लच अडकला आहे असे समजून मोटर दुरुस्ती करणाऱ्याकडून उघडून पाहावी.

पेडलजवळ बसणाऱ्या मोटरींबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण आजच्या बहुतेक मोटरींत क्लच असतो आणि मदत थांबली की मोटर पेडलपासून सुटते. जुन्यांपैकी काहींत मात्र अडथळा जाणवतो. बॉश कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या मोटरीत पेडलच्या एका फेऱ्याला पुढचे लहान चक्र अडीच फेरे घेत असे आणि तो आतला गिअर मदत बंद असतानाही पायांनाच फिरवावा लागे. या प्रकारच्या सायकलींवर अनेकांना ताशी 25 किलोमीटरच्या आसपास भिंत लागल्यासारखे वाटते, पण तिथे मोटर बहुधा अडवत नसते. अनेक देशांच्या नियमांनुसार त्या वेगाला मदत थांबते आणि तोवर मोटर वाहत असलेला हवेच्या विरोधाचा भार एकदम आपल्या पायांवर येतो.

आता मोजमापाकडे वळू. बॅटरी काढून ठेवावी, मोटर मागच्या चाकात असेल तर साखळी उतरवावी आणि ते चाक जमिनीपासून वर राहील अशी सायकल टांगावी किंवा भक्कम टेकवावी. टायरच्या पाठीवर बारीक दोरीचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि तिचे टोक अशा बाजूने खाली सोडावे की ओढ पडली तर चाक पुढच्या दिशेने फिरेल. त्या टोकाला हलकी प्लास्टिकची बाटली बांधून तिच्यात थोडे थोडे पाणी घालत जावे. प्रत्येक वेळी चाकाला बोटाने हलकासा धक्का द्यावा, कारण पहिल्या टकटकीतून सुटायला जास्त जोर लागतो आणि आपल्याला हवा आहे तो सुटल्यानंतर सतत लागणारा जोर. धक्क्यानंतर चाक न थांबता संथपणे फिरत राहिले की बाटली काढून पाण्यासकट वजन करावे.

हिशेब सोपा आहे. टायरच्या कडेला लोंबकळणारे 100 ग्रॅम वजन साधारण 1 न्यूटन बल देते, आणि ताशी 20 किलोमीटर वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर अंतर कापताना, तेवढ्या बलाविरुद्ध साडेपाच वॉट खर्च होतात. बाटलीचे वजन 300 ग्रॅम भरले, तर त्या वेगाला सुमारे 16 वॉट नुसत्या मोटरला फिरवण्यात जातात. रोज सायकल चालवणारा सामान्य माणूस दीर्घकाळ साधारण 80 ते 100 वॉट देऊ शकतो, हे लक्षात घेतले तर पाच-सहा पेडलांमागे एक पेडल मोटरच्या खात्यात जमा होते. मोठ्या डायरेक्ट ड्राइव्ह मोटरीत दोन-तीनशे ग्रॅम लागणे नवलाचे नाही. ही मोजणी संथ चाकावर होत असल्यामुळे भोवऱ्यांचा वाढता तोटा तिच्यात पुरता येत नाही, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा जास्तच धरावा. मोटर नसलेल्या चाकावर हाच प्रयोग केला की फरक डोळ्यांना दिसतो.

आकडा लहान निघाला आणि तरीही सायकल जड जात असेल, तर वजनाकडे पाहावे. साध्या सायकलपेक्षा 10 किलो जास्त वजन सपाट रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरला चार-पाच वॉटच मागते, पण शेकडा 5 चढावर ताशी 10 किलोमीटर वेगानेही तेच वजन 13-14 वॉट मागते. म्हणजे चढावर जाणवणारा जडपणा हा बहुतांशी वजनाचा असतो. टायरमधली हवा कमी असणे, ब्रेकचे पॅड डिस्कला घासणे, बेअरिंग जास्त आवळलेले असणे या तीन गोष्टी पाहायला पाच मिनिटे लागतात आणि त्या आधी पाहाव्यात.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकाएकी आलेला जडपणा. कालपर्यंत नीट चालणारी सायकल आज चिखलातून ओढल्यासारखी जाऊ लागली, तर तो मोटरचा स्वभाव नसून बिघाड आहे. डायरेक्ट ड्राइव्ह मोटरच्या तीन जाड तारांपैकी दोन एकमेकींना टेकल्या किंवा कंट्रोलरमधला (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज आवरणाऱ्या पेटीतला) एखादा मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका, जळून आरपार जोडला गेला, तर चाक फिरताना तयार होणारी वीज तिथल्या तिथे फिरते आणि मोटरचाच ब्रेक होतो. माझी सायकल एकदा उभ्याउभ्या आडवी पडली आणि दुसऱ्या दिवसापासून झटके देत जड जाऊ लागली. दुरुस्तीला नेली तेव्हा पूर्ण मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला. घरी येऊन तार बोटांनी चाचपत गेलो, तर आसाच्या टोकाला, जिथे ती बाहेर येऊन वळते, तिथे वरचे आवरण सोलवटलेले होते आणि पिवळी व हिरवी तार उघड्या तांब्याने एकमेकींना चिकटलेली होती. दोन्हींवर वेगवेगळे आवरण चढवून वरून एक जाड नळी घातली आणि चाक पुन्हा पहिल्यासारखे फिरू लागले.

हा बिघाड कुठे आहे हे शोधायची रीत अशी. बॅटरी काढावी, कंट्रोलरमधला साठलेला प्रभार उतरावा म्हणून काही मिनिटे थांबावे आणि मोटरची तार कंट्रोलरपासून सोडवावी. गोल जलरोधक जोड असेल तर तो न पिळता सरळ ओढावा आणि परत लावताना त्यावरचे बाण जुळवावेत. सुट्या टोकांचा एकमेकींना स्पर्श होणार नाही अशी काळजी घेऊन चाक फिरवावे. चाक मोकळे झाले, तर दोष कंट्रोलरमध्ये आहे. जडच राहिले, तर तो तारेत किंवा मोटरच्या आत आहे. दोष सापडेपर्यंत अशी सायकल चालवू नये, कारण तारा तापतात आणि उतारावर चाक अचानक झटका देऊ शकते.

मोटर निरोगी आहे, डायरेक्ट ड्राइव्ह आहे आणि तिचा अडथळा नकोसा वाटतो, तर दोन उपाय आहेत. काही कंट्रोलर पेडल थांबताच बॅटरीत वीज परत भरू लागतात, आणि ती सोय सुरू असेल तर सायकल घरंगळायला हवी तिथे अडते. सेटिंगमध्ये जाऊन ती फक्त ब्रेकच्या खटक्याला जोडावी. दुसरा उपाय म्हणजे मदत पूर्ण बंद न करता सर्वांत खालच्या पातळीवर ठेवणे. अडथळा 16 वॉटचा असेल तर तो भरून काढायला बॅटरीतून साधारण 25 ते 30 वॉट खर्ची पडतील, आणि 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॉट-तास असल्यामुळे तासाभराच्या फेरीला तिचा बारावा हिस्साच लागेल. कंट्रोलरमध्ये त्या पातळीचा प्रवाह ठरवता येत असेल, तर तो थोडा थोडा वाढवत जावा आणि पेडल साध्या सायकलीइतके हलके लागू लागले की तिथेच थांबावे.