फोडशी नेमकी कोणती? डीएनएवरून जवळच्या प्रजाती वेगळ्या कशा काढायच्या

पहिल्या पावसानंतर बोरिवली-दादरच्या बाजारात फोडशी या रानभाजीच्या जुड्या येतात. सगळी पानं क्लोरोफायटम या वंशाचीच, पण एकाच प्रजातीची असतील असं नाही. बोरिवलीचंच नाव मिरवणारी क्लोरोफायटम बोरिविलियानम (सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1955 मध्ये वर्णन केलेली), शिवाय ट्युबरोसम, ग्लॉकम. कोवळ्या पानांवरून यांचा निवाडा होत नाही. डीएनएवरून होऊ शकतो. मात्र डीएनए फक्त फरक दाखवतो, नाव सांगत नाही. नाव आधी फुलामुळांवरून पक्कं करावं लागतं.

म्हणून बाजारातल्या जुडीपासून सुरुवात करू नका. आधी संदर्भनमुने गोळा करा: प्रत्येक प्रजातीचे किमान दोन-तीन ठिकाणांहून, ठिकाणी तीन ते पाच रोपं, तीही फुलावर असताना. प्रत्येक ठिकाणचं एक रोप मुळासकट दाबून हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) ठेवा; मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम नमुने ताडून पाहायला उत्तम. बोरिविलियानमची मांसल मुळं बुडापासूनच झुपक्याने फुटतात, ट्युबरोसमचे कंद बारीक मुळाच्या टोकाला लोंबतात. बाकी रोपांचा पानाचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा पुरे. राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही, तेव्हा अर्ज उन्हाळ्यातच करा.

मुंबईच्या जुलैतल्या हवेत पान वर्तमानपत्रात वाळत नाही, कुजतं. सावकाश वाळलं की पेशींतली विकरंच डीएनएचे तुकडे करतात, वर बुरशी चढते ती वेगळीच. पान पुसून, फाडून, फिल्टर पेपरच्या पुडीत घालून पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की लगेच बदला. दुसऱ्या दिवशी पान कडकन मोडलं पाहिजे. वाकलं तर अजून ओलं आहे.

खरी डोकेदुखी डीएनए काढताना. या पानांत चिकट शर्करा भरपूर असतात आणि नेहमीच्या सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धतीने शेवटी डिंकासारखा गोळा हाती येतो. त्यावर उपाय आधीच करायचा. 20 मिलिग्रॅम वाळक्या पानाची भुकटी 0.35 मोलर सॉर्बिटॉलच्या द्रावाने दोनदा धुवा; वरचं पाणी चिकट लागलं तर तिसऱ्यांदा. मग 65 अंशांवर तापवलेला 700 मायक्रोलिटर सीटॅब द्राव (2 टक्के सीटॅब, 1.4 मोलर मीठ, 1 टक्का पीव्हीपी हे पॉलिमर, ऐन वेळी 0.2 टक्के मर्कॅप्टोइथेनॉल) घालून 45 मिनिटं ठेवा. मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (24:1) घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचा थर वेगळा काढा आणि डीएनए खाली बसवायला त्यात त्याच्या दोन तृतीयांश थंड आयसोप्रोपेनॉल घाला. ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा मोह टाळा, कारण डीएनएबरोबर शर्कराही खाली बसतात. 20-30 मिनिटं बास. 70 टक्के इथेनॉलने धुऊन 50 मायक्रोलिटर टीई या डीएनए साठवायच्या द्रावात विरघळवा. शुद्धता पाहायला 260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं (260/280) गुणोत्तर 1.8 च्या आसपास दिसलं तरी खूश होऊ नका. 260/230 एकच्या खाली असेल तर शर्करेसारखी भेसळ उरली आहे आणि पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढायची प्रक्रिया) अडेल. तेव्हा डीएनए दहापट पातळ करून पाहा. बहुतेकदा तेवढ्यानेच जेलवर बँड (प्रती तयार झाल्याची पट्टी) येतो.

कोणता तुकडा वाचायचा? 2009 मध्ये वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके या क्लोरोप्लास्टमधल्या दोन जनुकांची जोडी ठरली, तेव्हाच्या चाचणीत तिने 72 टक्के प्रजाती ओळखल्या. उरलेल्यांत बरेचदा असे सख्खे शेजारीच असतात. आरबीसीएल फारच सावकाश बदलतो, तो कुळ-वंश सांगतो आणि थांबतो. इथे मॅटके आणि केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडा घ्या. दोन्ही हवेतच: क्लोरोप्लास्ट बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडून येतो, त्यामुळे संकर असला तर एकट्या मॅटकेला फक्त आई दिसते. आयटीएसचे प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते छोटे डीएनए-तुकडे) वनस्पतींसाठीच बनवलेले निवडा, नाहीतर पावसाळी पानावरची बुरशीच वाचली जाते. प्रत्येक खेपेला डीएनएऐवजी पाणी घातलेली एक नळी हवी. तिच्यात बँड दिसला तर ती खेप फेकून द्या.

सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करून घ्या, टोकाचे अस्पष्ट 30-50 बेस कापा. मग ब्लास्ट करून (आपला क्रम जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहाशी ताडून) पहिलं आलेलं नाव उचलायचं, ही सर्वात सामान्य चूक. जेनबँकेतली नावंही कुणीतरी लावलेली असतात आणि सगळी बरोबर नसतात. आपल्या संदर्भनमुन्यांशी जुळवा: एका प्रजातीच्या रोपारोपांतला सर्वांत मोठा फरक शेजारच्या प्रजातीशी असलेल्या सर्वांत लहान फरकापेक्षा कमी असायला हवा. ही दरी नसेल तर वंशवृक्षाचा आलेख कितीही देखणा येवो, निकाल नाही.

मॅटके एक म्हणतो आणि आयटीएस दुसरंच, असं झालं तर आधी लेबलची अदलाबदल धरून चाला आणि त्याच पुडीतून डीएनए पुन्हा काढा. तेच आलं, तर आयटीएसच्या सिक्वेन्सिंगच्या आलेखात दोन प्रजातींत फरक असलेल्या जागी दुहेरी शिखरं आहेत का पाहा. असतील तर संकराची शक्यता मोठी. तोवर लेबलवर ‘क्लोरोफायटम एसपी.’ (वंश ठरला, प्रजाती नाही) एवढंच लिहा. पुडी ताज्या सिलिकात बंद ठेवा, पुढे संपूर्ण क्लोरोप्लास्ट जीनोम वाचायचा झाला तर तीच लागेल.